निकालानंतरचा कैदी

येरवडा तुरुंगातल्या एका कैद्याला त्याच्या निकालाची नक्कल वेळेवर मिळाली होती की नाही, या प्रश्नाचा 1978 साली सर्वोच्च न्यायालयात खल झाला. कैदी सौराष्ट्र विद्यापीठात प्रपाठक होता. कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याचा प्रयत्न केल्याचा त्याच्यावर आरोप होता. सत्र न्यायालयाने त्याला कोर्ट उठेपर्यंतची साधी कैद आणि दंड एवढ्यावरच सोडले. सरकारला ते पटले नाही. सरकार अपिलात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1973 मध्ये शिक्षा तीन वर्षांची केली. त्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागायला हा माणूस आला तो चार वर्षांहून अधिक उशिराने. कारण काय, तर म्हणे निकालाची नक्कलच मिळाली नव्हती. तुरुंग अधीक्षकांचे म्हणणे वेगळे होते. नक्कल आली, कारकुनाने ती कैद्याला दिली आणि राज्यपालांकडे दयेचा अर्ज करायचा म्हणून परत घेतली. कैद्याची सही मात्र कुठेच नव्हती. या घोळात तीन वर्षांची शिक्षा भोगूनही झाली होती.

अशा अर्जाचे काय होणार हे कोणताही वकील सांगेल. तो फेटाळला गेला. एरवी प्रकरण दोन ओळींत मिटले असते आणि ‘एम. एच. हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे नाव आज कुणालाही आठवले नसते. पण खंडपीठावर न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्णा अय्यर होते. अर्ज फेटाळता फेटाळता त्यांनी देशभरच्या न्यायालयांना आणि तुरुंगांना काही कामे लावून दिली. तुरुंगवासाची शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने निकालाची नक्कल लगेच आणि फुकट द्यायची. तुरुंगाने ती कैद्याच्या हाती देऊन पोच लिहून घ्यायची. अपील करायचे असेल तर तुरुंगाने सोय करून द्यायची. वकील लावण्याची ऐपत नसेल तर न्यायालयाने वकील द्यायचा आणि त्याची फी सरकारने भरायची. ही मेहेरबानी नसून राज्यघटनेच्या 21व्या कलमातल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे निकालाने बजावले.

नक्कल, पोच, सही, फी. गुन्हेगारीशास्त्रात एखाद्याने काय भर घातली हे सांगताना आपण सिद्धान्त शोधतो, ग्रंथ शोधतो. कृष्णा अय्यरांच्या बाबतीत शोध इथून, या कारकुनी तपशिलातून सुरू करावा लागतो. शिक्षा सुनावली की न्यायाधीशाचे काम संपते आणि तुरुंगाचे सुरू होते, ही विभागणी आपल्याकडे इतकी मुरलेली होती की निकालानंतर त्या माणसाचे काय होते हे विचारणे न्यायालयाला आपले काम वाटतच नव्हते. कृष्णा अय्यरांना ते वाटले. त्याचे कारण बरेचसे ते न्यायासनावर येईपर्यंत कुठून कुठून फिरून आले होते यात आहे.

वैद्यनाथपुरम रामा कृष्णा अय्यर यांचा जन्म 1915 मध्ये पालक्काडजवळचा. वकिली उत्तर मलबारात, तलश्शेरीला. पक्षकारांत कुळे, विडी कामगार, कम्युनिस्ट कार्यकर्ते. 1948 मध्ये कम्युनिस्टांना कायदेशीर मदत केल्याच्या आरोपावरून ते स्वतःच महिनाभर तुरुंगात बसले. 1952 मध्ये अपक्ष म्हणून मद्रास विधानसभेवर निवडून गेले. 1957 मध्ये केरळात ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे कम्युनिस्ट सरकार आले तेव्हा कृष्णा अय्यर अपक्षच होते, पण त्या मंत्रिमंडळात कायदा, गृह, तुरुंग, समाजकल्याण, पाटबंधारे, वीज अशी बरीच खाती त्यांच्याकडे आली. गृह आणि तुरुंग एकाच माणसाकडे, आणि तो माणूस नऊ वर्षांपूर्वी कोठडीत जाऊन आलेला! गरिबांना वकील मिळण्याचे नियम केरळने 1957 मध्ये केले. पुढच्या वर्षी राज्याचे नवे तुरुंग नियम आले. (‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपटही 1957चाच. त्यामागे होता औंध संस्थानचा आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीचा प्रयोग. तुरुंगाची भिंत पाडून पाहण्याची कल्पना त्या काळात हवेतच होती म्हणायची.) जुलै 1959 मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केले. पुढच्या निवडणुकीत कृष्णा अय्यर सात मतांनी पडले आणि निवडणूक याचिका लढवून ती जागा त्यांनी परत मिळवली. 1965 मध्ये पुन्हा पराभव झाल्यावर ते पूर्णवेळ वकिलीकडे वळले. 1968 मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, 1971 मध्ये विधी आयोगाचे सदस्य, जुलै 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालय.

ही शेवटची नेमणूक वाजतगाजत झाली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलेले होते आणि सरकारला ‘बांधील’ न्यायाधीश हवेत अशी चर्चा रंगली होती. अशा वेळी कम्युनिस्ट मंत्रिमंडळात बसलेला माणूस सर्वोच्च न्यायालयात! मुंबईच्या वकीलवर्गातून उघड विरोध झाला. विरोध करणाऱ्यांत सोली सोराबजी होते. तेच सोराबजी पुढे कृष्णा अय्यरांचे चाहते झाले आणि तसे त्यांनी जाहीरपणे सांगितलेही. संशय मात्र त्या वेळी अवाजवी नव्हता. राजकारणातून आलेला न्यायाधीश आपले राजकारण दाराबाहेर ठेवून येईल याची हमी काय? कृष्णा अय्यरांनी ते बाहेर ठेवले असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यांचे निकाल वाचताना मलबारचा जाहीर सभेतला वक्ता अधूनमधून बोलतोच. पण ते राजकारण कुठल्या पक्षाच्या कामी आले नाही. 24 जून 1975 रोजी सुट्टीतले न्यायाधीश म्हणून त्यांच्यापुढे इंदिरा गांधींचा निवडणूक खटला आला. त्यांची निवड रद्द करणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाला त्यांनी सरसकट स्थगिती दिली नाही, सशर्त दिली. पंतप्रधानपदी राहता येईल, खासदार म्हणून मत देता येणार नाही. त्यानंतर आणीबाणी आली हे सर्वज्ञात आहे.

आता मुद्द्याकडे. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षेच्या विचाराने एक वळण घेतले होते. त्याआधीचा विचार बेकारियाचा आणि बेंथमचा. गुन्हा मोजा, त्याच्या प्रमाणात शिक्षा ठरवा, गुन्हेगार कोण हे पाहू नका. मेकॉलेने मसुदा केलेली आणि 1860 मध्ये मंजूर झालेली आपली दंडसंहिता याच मुशीतली. पुढे इटलीत लोंब्रोसो, फेरी, गारोफालो यांनी उलट बाजूने सुरुवात केली. गुन्हा नव्हे, गुन्हेगार पाहा. तो कसा घडला, पुन्हा करील का, बदलेल का. त्यांची काही उत्तरे भयंकर होती. कवटीच्या आकारावरून जन्मजात गुन्हेगार ओळखण्याचा खटाटोप विज्ञानाने केव्हाच मोडीत काढला. पण प्रश्न टिकला. भारतात 1919–20 च्या तुरुंग समितीने कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे उद्दिष्ट मानले, 1958 मध्ये गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा परिवीक्षा कायदा आला. कागदावर सगळे होते. न्यायाधीश शिक्षा ठरवताना मात्र कलम पाहत, आकडा लिहीत आणि पुढचा खटला घेत.

1973 च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत एक छोटे कलम आले. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षा किती, यावर आरोपीचे वेगळे म्हणणे ऐकायचे. कृष्णा अय्यरांनी या फटीतून गुन्हेगारीशास्त्र आत आणले. 1977 चा मोहम्मद गियासुद्दीन खटला फसवणुकीचा होता. नोकरी लावून देतो म्हणून पैसे उकळलेला एक तरुण. शिक्षा तीन वर्षे. कृष्णा अय्यरांनी ती अठरा महिन्यांवर आणली, पण महत्त्वाचे ते नाही. तुरुंगात त्याला कोणते काम द्यायचे इथपर्यंत त्यांनी लिहिले. सुशिक्षित माणसाला निर्बुद्ध, यांत्रिक कामाला जुंपू नका, डोक्याचे आणि थोडे हाताचे असे मिश्र काम द्या. निकालाच्या मुळाशी गांधीजींचे म्हणणे होते. गुन्हेगार हा रोगी आणि तुरुंग हे इस्पितळ असावे. राज्याने सूड घ्यायचा नसून माणूस पुन्हा उभा करायचा, अशी भूमिका निकालात नि:संदिग्धपणे मांडली आहे. बारा वर्षांचा असताना गुन्ह्यात सापडलेल्या हिरालाल मलिकच्या प्रकरणात तर ध्यानधारणेवर मजकूर आहे. 1974 मध्ये पत्नी शारदाबाईंचे निधन झाल्यावर ते स्वतः ध्यानाकडे ओढले गेले होते, त्याची ही छाया. तेव्हा वकिलांनी याची टिंगल केली. पुढे, 1994 मध्ये, इगतपुरीच्या गोएंका गुरुजींनी तिहारमध्ये हजारावर कैद्यांचे विपश्यना शिबिर घेतले तेव्हा त्याच गोष्टीच्या बातम्या झाल्या.

या इस्पितळाच्या कल्पनेत मात्र एक खोट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. रोग्याला सुट्टी केव्हा द्यायची हे डॉक्टर ठरवतो. ‘सुधारेपर्यंत आत’ हे धोरण ज्या अमेरिकी राज्यांनी अवलंबले तिथे किरकोळ गुन्ह्यातली माणसे सुधारणा मंडळाला पटेपर्यंत वर्षानुवर्षे सडली. शिवाय 1974 मध्ये रॉबर्ट मार्टिन्सन या समाजशास्त्रज्ञाने सुधारणेच्या शेकडो प्रयोगांचा आढावा घेऊन त्यांतून ठोस काही साधत नाही असा निष्कर्ष काढला आणि अमेरिकेत हा सगळा विचारच गडगडला. म्हणजे दिल्लीत कृष्णा अय्यर ज्या शास्त्राचा हवाला देत होते, त्याच्या माहेरी ते घराबाहेर काढले जात होते. या टीकेची दखल त्यांच्या निकालांत हवी तशी नाही. त्यांना वाचवले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. सुधारणेची भाषा बोलताना त्यांनी कैद्याचे हक्क डॉक्टरच्या मर्जीवर सोडले नाहीत. ते त्यांनी घटनेत बांधले.

ही बांधणी तिहारमध्ये झाली. सुनील बत्रा हा फाशीची शिक्षा झालेला कैदी. 1894 च्या तुरुंग कायद्यात तरतूद अशी की, फाशीच्या कैद्याला इतरांपासून वेगळ्या कोठडीत, रात्रंदिवस पहाऱ्यात ठेवायचे. बत्राचे अपील अजून बाकी होते. तरी तो एकटा. याच सुमाराला चार्ल्स शोभराज तिहारमध्ये कच्चा कैदी होता आणि त्याच्या पायात सुमारे दोन वर्षे दंडाबेडी होती. दोन्ही अर्ज एकत्र आले. जानेवारी 1978 मध्ये सरन्यायाधीश बेग, कृष्णा अय्यर आणि कैलासम हे तीन न्यायाधीश स्वतः तिहार पाहून आले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी पुरावा तपासायला तुरुंगात जाणे ही आजही नेहमीची गोष्ट नाही. बत्राच्या बाजूने न्यायमित्र म्हणून उभे राहिले ज्येष्ठ वकील वाय. एस. चितळे.

सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायाधीशांनी ऑगस्ट 1978 मध्ये निकाल दिला. मुख्य निकाल न्या. डी. ए. देसाईंनी लिहिला, कृष्णा अय्यरांनी स्वतंत्र, लांबलचक आणि एकमताचा लिहिला. तुरुंग कायद्यातली तरतूद त्यांनी रद्द केली नाही, तिचा अर्थ बदलला. ‘फाशीची शिक्षा झालेला’ म्हणजे ज्याची अपिले, दयेचे अर्ज सगळे संपून शिक्षा पक्की झाली तोच. तोवर तो इतर कैद्यांत मिसळू शकतो. एकांत कोठडी ही स्वतंत्र शिक्षा आहे. न्यायालयाने ती दिलेली नसताना तुरुंगाने सुरक्षेच्या नावाखाली ती देणे म्हणजे एका गुन्ह्याला दोन शिक्षा. दंडाबेडीबाबतही तसेच. कारण लिहा, कैद्याला कळवा, मुदत घाला, वरच्या अधिकाऱ्याकडून तपासून घ्या. नसेल जमत तर काढा.

खरा मोठा निकाल त्यानंतरचा. बत्राने तुरुंगातूनच एका न्यायाधीशांना पत्र लिहिले. स्वतःविषयी नव्हे. हेड वॉर्डरने दुसऱ्या एका कैद्याच्या गुदद्वारात दांडा खुपसून त्याला जबर जखमी केले होते. पैसे उकळण्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. चितळे आणि मुकुल मुदगल न्यायमित्र म्हणून तिहारला गेले, कैद्यांना भेटले, कागद पाहिले. तुरुंगाच्या डॉक्टरांनी लिहिलेली जखमांची कारणे वकिलांनी उघडी पाडली. डिसेंबर 1979 च्या निकालात कृष्णा अय्यरांनी जे मागितले ते पुन्हा त्यांच्या स्वभावाला धरून बारीकसारीक होते. तुरुंगात तक्रारपेट्या लावा, त्यांच्या किल्ल्या न्यायाधीश-दंडाधिकाऱ्यांकडे असू द्या. जिल्हा न्यायाधीशांनी ठरावीक मुदतीने तुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलावे. कैद्यांच्या हक्कांची पुस्तिका त्यांना कळेल त्या भाषेत छापा. भित्तिपत्रक काढू द्या. कैद्याला एकट्याला डांबणे, दूरच्या तुरुंगात हलवणे, त्याच्या सवलती काढणे यांतले काहीही न्यायाधीशांना कळवल्याशिवाय करू नका. तुरुंगाच्या दारात राज्यघटना उतरवून ठेवावी लागत नाही, हा विचार त्याच काळातल्या त्यांच्या निकालांत पुन्हा पुन्हा येतो. पत्राला याचिका मानण्याची पद्धत पुढे न्या. भगवतींनी मोठी केली आणि जनहित याचिकेचा इतिहास लिहिताना बहुधा त्यांचेच नाव आधी येते. तुरुंगातून आलेल्या कागदाचे वजन मात्र या निकालात ठरले.

बेड्यांचा निकालही असाच कागदावरून. प्रेमशंकर शुक्ला या तिहारच्या कच्च्या कैद्याने एका न्यायाधीशांना तार केली की आपल्याला बेड्या घालून कोर्टात नेतात. पंजाब पोलीस नियमावलीत सोय अशी की, ‘चांगल्या वर्गाच्या’ कैद्याला सहसा बेडी नाही, साध्या कैद्याला आहे. शिकलेला, खात्यापित्या घरचा असेल तर तो पळणार नाही आणि गरीब पळेल, हे कशावरून ठरवले? एप्रिल 1980 च्या निकालाने हा वर्गभेद काढून टाकला आणि बेडी हा अपवाद ठरवला.

जामिनाबद्दल त्यांचे नाव आज रोज घेतले जाते, ते ‘तुरुंग नव्हे, जामीन’ या 1977 मधल्या बालचंद निकालातल्या सूत्रामुळे. सूत्र सुटसुटीत आहे म्हणून टिकले. पण जामिनाची खरी गाठ कुठे बसते ते मोतीराम खटल्यात दिसते. मोतीराम मध्य प्रदेशातला गवंडी. त्याला जामीन कुणी दिला, तर खुद्द सर्वोच्च न्यायालयाने. रक्कम आणि जामीनदार ठरवणे तेवढे खालच्या दंडाधिकाऱ्यांवर सोडले. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन मागितला. गवंड्याकडे दहा हजार! भाऊ जामीन राहायला आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने सोडलेला माणूस आतच. मोतीरामने पुन्हा सर्वोच्च न्यायालय गाठले. ऑगस्ट 1978 च्या निकालात कृष्णा अय्यरांनी विचारले, दक्षिणेतला माणूस उत्तरेत कुठे अटक झाला तर त्याला त्या जिल्ह्यातला जामीनदार कोण मिळणार? न्यायालयाच्या दृष्टीने भारत एक देश आहे की जिल्ह्याजिल्ह्यांचे संस्थान? मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्यात आले. जामीनदार नको, स्वतःची सही पुरे.

2005 च्या दुरुस्तीने जामीनपात्र गुन्ह्यात अटकेनंतर आठवडाभरात जामीनदार न देऊ शकलेल्याला गरीब मानून जातमुचलक्यावर सोडायचे, हे कायद्यात आले. आणि तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकड्यांनुसार देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतले तीन. कृष्णा अय्यरांचे जामिनाचे निकाल प्रत्येक वकील उद्धृत करतो. ते न वाचता चालवता येतील अशी न्यायालये मात्र जागोजाग आहेत.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा गृहस्थ गुन्हेगारांबद्दल एकूणच मऊ होता. तसे मुळीच नाही, आणि त्यांच्या विचाराचा सर्वांत रोचक भाग इथे आहे. सर्वोच्च न्यायालयात आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांच्यापुढे मुंबईच्या सुगंधी सुपारीचे प्रकरण आले. सुपारीत सॅकरिन आणि सायक्लामेट ही बंदी असलेली गोडी घातलेली होती. सुपारी हे अन्नच नव्हे, असा बचाव झाला. जेवणानंतर तोंडात टाकतात ते अन्न की करमणूक, असा हा प्रश्न, आणि आपल्याकडे त्यावर घराघरांत मतभेद व्हायचे. न्यायालयाने ते अन्नच ठरवले. पहिलाच गुन्हा म्हणून परिवीक्षेवर सोडा, ही विनंतीही फेटाळली. भेसळ करणारा क्षणिक रागात काही करत नाही. तो हिशेब करून करतो, आणि मुले-म्हातारी सगळ्यांच्या जिवाशी खेळतो. तिथे सुधारणेचा मार्ग नको.

महाराष्ट्रातलेच 1976 चे मुरलीधर मेघराज लोया प्रकरण खुरासणीच्या तेलाचे. त्यात शेंगतेल मिसळलेले. व्यापाऱ्यांनी गुन्हा कबूल केला आणि दंडाधिकाऱ्यांनी नाममात्र शिक्षेवर मिटवले. उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवली, ती कृष्णा अय्यरांनी कायम केली. जाता जाता त्यांनी कबुलीच्या सौद्यावर झोड उठवली. बडा व्यापारी तुरुंगाचे दार दिसताच दंड भरून बाहेर पडतो, सरकारी पक्षाचे काम हलके होते, दंडाधिकाऱ्यांचा एक खटला निकाली निघतो. या वाटाघाटीत न बसलेला एकच पक्ष म्हणजे ते तेल खाणारी जनता. संसदेने 2005 मध्ये हाच सौदा रीतसर कायद्यात आणला, सामाजिक-आर्थिक गुन्हे मात्र त्यातून वगळले. त्या वगळण्यामागे 1976 चा युक्तिवाद ओळखू येतो.

तेव्हा त्यांचे गुन्हेगारीशास्त्र सरसकट क्षमेचे नव्हते. गुन्हा कुठून येतो याची त्यांची स्वतःची मांडणी होती. काही गुन्हे गरजेतून, अपमानातून, क्षणाच्या वेडातून येतात, काही नफ्यातून. पहिल्या जातीला इस्पितळ, दुसरीला तुरुंग. त्यांचा डावा पिंड इथे स्पष्ट दिसतो. तो दिसतो म्हणून मांडणी चूक ठरत नाही, पण न्यायाधीशाने अशी मांडणी कायद्यात मिसळावी का, हा वाद राहतोच.

हा वाद फाशीच्या प्रश्नावर उघड झाला. फेब्रुवारी 1974 च्या एडिगा अनम्मा खटल्यात एका तरुण बाईने एक स्त्री आणि तिचे मूल मारले होते. कृष्णा अय्यरांनी फाशीची जन्मठेप केली. बाईचे वय, सासरहून हाकलले जाणे, पदरचे मूल, दोन वर्षे डोक्यावर फाशी टांगती ठेवून काढलेले दिवस, असे सगळे त्यांनी मोजले. गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहावा, हे तिथे प्रथम इतके सविस्तर आले. 1979 च्या राजेंद्रप्रसाद खटल्यात त्यांनी पुढचे पाऊल टाकले. देसाईंच्या साथीने, ए. पी. सेन यांच्या विरोधात, त्यांनी लिहिले की, समाजाची सुरक्षा धोक्यात येत असेल तरच फाशी. गुन्हा कितीही घृणास्पद असला तरी तेवढ्याने नाही. सेन यांचा आक्षेप साधा होता. फाशी ठेवायची की काढायची हे संसदेने ठरवावे. तिहारला त्यांच्यासोबत गेलेल्या न्या. कैलासम यांनाही हा निकाल आधीच्या पाच न्यायाधीशांच्या निर्णयाशी विसंगत वाटला आणि त्यांच्यामुळे प्रश्न घटनापीठाकडे गेला. मे 1980 मध्ये बचनसिंग निकालाने राजेंद्रप्रसाद बाजूला सारला. फाशी घटनात्मक ठरली.

कृष्णा अय्यर हरले. पण त्याच निकालाने ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणातच फाशी, असे बंधन घातले आणि शिक्षा ठरवताना गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही पाहा, असे सांगितले. हे दुसरे सूत्र एडिगा अनम्माचेच. सेन आणि कैलासम यांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरोबर होते, असे माझे मत. कृष्णा अय्यरांनी न्यायाधीशाच्या हातात न मावणारी गोष्ट उचलू पाहिली. पण त्यांनी ती उचलून पाहिली नसती तर घटनापीठाने मधली वाट काढली असती का, याबद्दल मला शंका आहे.

निवृत्तीच्या तीन दिवस आधी, 11 नोव्हेंबर 1980 रोजी, त्यांनी शेवटचा मोठा निकाल दिला. तो त्यांच्या मनाविरुद्धचा म्हणावा असा आहे. फाशीला पात्र गुन्ह्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढावी लागतील, असे नवे कलम संसदेने आणले होते. शिक्षामाफीच्या दिवसांचा हिशेब त्यापुढे चालणार नव्हता. सुधारलेला माणूस नवव्या वर्षी सोडला तर काय बिघडले, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. तरी मारूराम खटल्यात त्यांनी कलम वैध ठरवले. संसदेला तो अधिकार आहे, म्हणून. राजेंद्रप्रसादमध्ये न पाळलेली मर्यादा इथे पाळली. फक्त दोन खिडक्या उघड्या ठेवल्या. कलम लागू होण्याआधी, म्हणजे 18 डिसेंबर 1978 पूर्वी, दोषी ठरलेल्यांना ते लागू नाही. आणि राष्ट्रपती-राज्यपालांचे माफीचे घटनात्मक अधिकार कुठल्याही कलमाने कमी होत नाहीत. आज कुठल्याही गाजलेल्या खटल्यातला कैदी मुदतीआधी सुटला की जो वाद पेटतो, त्यात दोन्ही बाजू मारूराम उघडतात.

निकालांबरोबर अहवालांचाही एक संसार त्यांनी मांडला होता. गरिबांना कायदेशीर मदत कशी द्यावी यावर त्यांच्या समितीने 1973 मध्ये आणि भगवतींबरोबरच्या समितीने 1977 मध्ये अहवाल दिले. मधे 1976 मध्ये घटनेत 39-अ कलम आले. 1987 चा विधी सेवा कायदा आणि 1995 पासून चालू झालेली जिल्ह्याजिल्ह्यातली विधी सेवा प्राधिकरणे या कामातूनच उभी राहिली. 1987 मध्येच स्त्री-कैद्यांविषयीच्या राष्ट्रीय तज्ज्ञ समितीचा अहवालही त्यांच्या नावावर आहे. त्याच वर्षी राष्ट्रपतिपदासाठी विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून ते आर. वेंकटरामन यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि पडले. ती लढाई जिंकण्यासाठी नव्हतीच.

त्यांच्या लिखाणाबद्दल एक तक्रार करायलाच हवी. ते वाचवत नाही. इंग्रजी शब्दांचा असा धबधबा, स्वतः घडवलेले शब्द, एकेका वाक्यात चार उपमा. शब्दकोश जवळ घेऊन बसावे लागते. ज्या कैद्यासाठी ते पुस्तिका त्याच्या भाषेत छापायला सांगत, त्याला किंवा त्याच्या तालुक्याच्या वकिलाला हा निकाल कळेल का, याची फिकीर त्यांना नव्हती. त्यामुळे त्यांच्या निकालांतली वाक्ये फिरतात आणि आदेश मागे राहतात. तक्रारपेटी आणि नक्कलेची पोच यांपेक्षा ‘तुरुंग नव्हे, जामीन’ जास्त लोकांना पाठ आहे.

केरळच्या विधी सुधारणा आयोगाचे अध्यक्ष म्हणून जानेवारी 2009 मध्ये त्यांनी शंभराहून अधिक विधेयकांचे मसुदे सरकारला दिले, तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले होते. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा नसावा आणि असाध्य रोग्याला मरण निवडता यावे, अशा त्यातल्या शिफारशींवर गदारोळ झाला आणि मसुदे बासनात गेले. 2011 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवून येणाऱ्या मरणाला मर्यादित मान्यता दिली, 2018 मध्ये ती अधिक विस्तारली. कृष्णा अय्यर डिसेंबर 2014 मध्ये कोचीत वारले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुन्या दंडसंहितेतले 309 कलम नाही. त्याच संहितेत एकांत कोठडीची शिक्षा 11व्या कलमात जशीच्या तशी आहे, आणि सोबतच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 43व्या कलमात कोणकोणत्या आरोपींना अटक करताना बेडी घालता येईल त्याची यादी दिली आहे.